एका पंगतीची शाळा

कर्मवीर भाऊराव पाटील यांचे नाव निघाले की त्यांनी काढलेल्या शाळांची मोजदाद सुरू होते. मला मात्र त्यांच्या आयुष्यात शाळेपेक्षा वसतिगृह मोठे वाटते. पटावर नाव आले म्हणजे खेड्यातला मुलगा शिकला असे होत नाही. त्याला डोक्यावर छप्पर, दोन वेळची भाकरी आणि बरोबरीने वागवणारे सोबतीही लागतात, हे त्यांनी ओळखले होते.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे एका जैन कुटुंबात झाला. शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहिले. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने त्या शहरात मराठा, जैन, मुसलमान, लिंगायत अशा निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहत होती. त्यांच्यामुळे कितीतरी घरांत प्रथमच अक्षर शिरले. पण चूल ज्याची त्याची वेगळी होती. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला भाऊराव गेले आणि परतल्यावर शुद्धीची आंघोळ करायला त्यांनी नकार दिला. त्यापायी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. पुढे शाळाही मॅट्रिकच्या आधीच सुटली.

मग त्यांनी साताऱ्यात शिकवण्या केल्या, किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव पायपीट केली. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक विचाराची बैठक होतीच. आता खेड्याचे दारिद्र्यही डोळ्यांखालून गेले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्थेचा जन्म झाला.

१९२४ साली साताऱ्यात त्यांनी वसतिगृह काढले. तिथे सर्व जातिधर्मांच्या मुलांचा स्वयंपाक एका चुलीवर होई आणि जेवण एका पंगतीत. मुलेच दळण-पाणी पाहत, शेतात राबत. १९२७ साली महात्मा गांधींच्या उपस्थितीत त्याला शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. यामागे लक्ष्मीबाईंचा त्याग विसरता येणार नाही. सोवळ्याओवळ्याच्या संस्कारात वाढलेल्या या माउलीने परक्यांची मुले पोटाशी धरली. कोठीत धान्य उरले नाही तेव्हा अंगावरचे दागिने मोडले. शेवटी मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्या गेल्या. वसतिगृह चालूच राहिले.

१९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाले आणि श्रम करून शिकण्याची ही रीत पदवीच्या वर्गापर्यंत पोचली. ज्यांच्या सात पिढ्यांनी कॉलेजची पायरी पाहिली नव्हती, ती मुले कुदळ ठेवून व्याख्यानाला बसू लागली. १९५९ साली पुणे विद्यापीठाने या मॅट्रिक न झालेल्या माणसाला डी. लिट्. दिली. त्याच वर्षी ९ मे रोजी भाऊराव गेले.

आज विद्यापीठांतून ‘कमवा व शिका’ योजना चालते, वसतिगृहे आहेत, शिष्यवृत्त्या आहेत. त्यांची गरज आहेच. अर्ध्या वाटेवर शिक्षण सुटणारी मुले आजही आपल्या वर्गात असतात. परंतु भाऊरावांच्या कामाचा दुसरा अर्धा भाग कोणतीही योजना पुरा करू शकत नाही. मेसमध्ये जेवायला बसताना आपण अजूनही आपल्या गावचा, आपल्या आडनावाचा सोबती शोधतो. ताट सरकवून अनोळखी मुलाला जागा करून देणे हे काम आपल्यालाच करावे लागेल.