रखमाबाईंचा वारसा आणि रिकाम्या जागा

डॉ. रखमाबाई यांचे नाव आज घेतले जाते ते बहुधा त्यांच्या गाजलेल्या खटल्यासाठी. त्यांच्या दीर्घ वैद्यकीय सेवेची आठवण क्वचितच काढली जाते. वस्तुतः ग्रामीण आरोग्यव्यवस्थेला धडा घ्यावयाचा असेल, तर तो या सेवेपासूनच घ्यावा लागेल.

२२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत जन्मलेल्या रखमाबाईंचा विवाह अकराव्या वर्षी झाला. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी वाढलेल्या या मुलीने जाणत्या वयात पतीकडे नांदावयास जाण्याचे नाकारले. पती दादाजी भिकाजी यांनी १८८४ मध्ये दावा लावला. मार्च १८८७ मध्ये न्यायालयाने नांदावयास जाणे अथवा सहा महिने कारावास असा पर्याय समोर ठेवला, तेव्हा त्यांनी कारावासाची तयारी दर्शविली. पुढील वर्षी तडजोड झाली. कामा रुग्णालयाच्या डॉ. ईडिथ पेची यांच्या साहाय्याने त्या १८८९ मध्ये लंडनला गेल्या व १८९४ मध्ये डॉक्टर होऊन परतल्या.

आनंदीबाई जोशी १८८६ मध्येच डॉक्टर झाल्या होत्या. दहा दिवसांचे मूल गमावल्याच्या दुःखातून त्या या विद्येकडे वळल्या. परंतु कोल्हापूर येथे नेमणूक होऊनही रुजू होण्यापूर्वीच, फेब्रुवारी १८८७ मध्ये, काळाने त्यांना ओढून नेले. रखमाबाईंना मात्र आयुष्य लाभले आणि ते त्यांनी रुग्णसेवेला वाहिले. १८९५ पासून सुरतच्या स्त्री-रुग्णालयात २२ वर्षे आणि त्यानंतर निवृत्तीपर्यंत राजकोटला त्यांनी काम केले. २५ सप्टेंबर १९५५ रोजी त्यांचे निधन झाले.

या चिकाटीचे मोल नागझिऱ्याच्या अरण्यालगतच्या साकोली तालुक्यात सहज ध्यानी येते. लसीकरण म्हणजे केवळ कुपी आणि सुई नव्हे. जन्मतः, मग सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात आणि पुढे नवव्या महिन्यात, अशी वर्षभरात किमान पाच वेळा त्याच बालकाची गाठ घ्यावी लागते. गर्भवतीची तपासणीही किमान चार वेळा व्हावी लागते. धानाच्या रोवणीच्या दिवसांत माता सकाळीच बांधीवर जाते. तिला कोठे व केव्हा गाठावे हे गाव ओळखणारी परिचारिकाच जाणते. ५,००० लोकवस्तीमागे, तर आदिवासी व डोंगराळ भागात ३,००० मागे एक उपकेंद्र हा निकष कागदावर आहे. पण परिचारिकेची जागा रिक्त राहिली, की पाचांपैकी एखादी भेट हुकते आणि बालक अर्धवट संरक्षित राहते.

म्हणून इमारतींच्या उद्घाटनांपेक्षा रिक्त पदांची भरती, कंत्राटी परिचारिकांना स्थैर्य, राहण्यायोग्य निवासस्थाने आणि रजेच्या काळात पर्यायी कर्मचारी यांना अग्रक्रम मिळाला पाहिजे. रखमाबाईंसारखी निष्ठा शासनाला हुकूम काढून निर्माण करता येणार नाही. परंतु ती ज्यांच्या ठायी आहे त्यांना टिकून राहता येईल अशी व्यवस्था उभारणे हे निःसंशय शासनाचेच कर्तव्य आहे.