गाठीच्या तापाला नाव देणारा हडफड्याचा डॉक्टर

म्हापशाहून कळंगुटला जाताना वाटेत हडफडे लागते. आज या गावाचे नाव काढले की लोकांना रात्रीचा बाजार आणि पर्यटकांच्या गाड्यांची रांग आठवते. आम्हीही कित्येक वर्षे त्या रस्त्याने नुसतेच ये-जा करीत होतो. मुंबईत १८९६ साली प्लेग शिरल्याचे ओळखणारे डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस १ एप्रिल १८५६ रोजी याच गावात जन्मले, हे आम्हाला नोकरीला लागल्यावर कळले. आम्ही सरकारी प्रयोगशाळेत रक्त-लघवी तपासणारी माणसे. डिप्लोमाच्या पुस्तकात प्लेगच्या जंतूचे चित्र पाहिले होते, पण काचपट्टीवर तो आजवर एकदाही दिसलेला नाही. न पाहिलेला रोग ओळखायचा म्हणजे काय, याचे कुतूहल आम्हाला म्हणूनच जास्त.

गोव्याची मुले शिक्षणासाठी आणि पोटासाठी मुंबई गाठीत, तसेच तेही गेले. माझगावच्या सेंट मेरीज शाळेत शिकून ग्रँट मेडिकल कॉलेजात दाखल झाले आणि १८८० साली पहिल्या वर्गात डॉक्टर झाले. दवाखाना मात्र त्यांनी मांडवीत थाटला. हे मांडवी म्हणजे आपली पणजीची नदी नव्हे. मुंबईच्या गोदीलगतचा तो दाटीवाटीचा भाग. खाली धान्याची कोठारे, वर चाळी, मधून तुंबलेली गटारे. कोठारांत उंदीर आणि चाळींत माणसे, दोघांचीही वस्ती सारखीच दाट. १८८८ साली ते महानगरपालिकेवर निवडून आले. म्हणजे सकाळी ज्यांची नाडी पाहायची, त्यांच्याच गटाराबद्दल दुपारी सभेत बोलायचे, असा त्यांचा दिनक्रम असणार.

१८९६ चा पावसाळा सरता सरता मांडवीत एक वेगळाच ताप सुरू झाला. एकाएकी हुडहुडी भरून ताप चढे, डोळे लाल होत, माणूस दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खाई, मग बरळू लागे. जांघेत किंवा काखेत अवधाण येई, आणि ते इतके दुखे की पाय हलवणे नको होई. बहुतेक रोगी थोड्याच दिवसांत दगावत. लोक त्याला गाठीचा ताप म्हणू लागले. कोठारांत उंदीर मरून पडत होते, पण त्याचा अर्थ तेव्हा फारसा कोणाला लागला नव्हता.

आता वाटते, यात ओळखण्यासारखे अवघड ते काय? पण त्या वेळच्या डॉक्टराच्या जागी बसून पाहावे. पावसाळ्यात मुंबईत ताप म्हटला की हिवताप. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतेच. गुप्तरोगातही येते. प्लेगची साथ पश्चिम भारतात यापूर्वी येऊन गेली होती ती कच्छ-गुजरातेत १८१२ नंतर आणि मारवाडातल्या पालीला १८३६ साली. म्हणजे मुंबईत दवाखाना चालवणाऱ्या एकाही डॉक्टराने हा रोगी आधी पाहिला असण्याचा संभव जवळजवळ नव्हता. हाँगकाँगला १८९४ साली साथ आली तेव्हा येर्सिन आणि कितासातो यांनी तिचा जंतू शोधला होता, पण त्याला दोनच वर्षे झाली होती. व्हिएगस यांच्या हाताशी होते ते आपले डोळे, बोटे आणि वाचन. एकेक लक्षण सुटे घेतले तर दहा रोगांत बसते. तीच सारी लक्षणे एकाच घरात, एकाच गल्लीत, एकापाठोपाठ एक दिसू लागली तेव्हा त्यांनी ती एकत्र जोडली. आमच्याकडे येणाऱ्या कागदावर ताप एवढेच लिहिलेले असते, आणि सांगितलेली तपासणी करून आम्ही मोकळे होतो. सांगितले नाही ते शोधायचे म्हटले तर रोग्याच्या घरापर्यंतच जावे लागेल.

त्या वर्षीचा गणेशोत्सव उरकून पितृपक्ष लागला होता. २३ सप्टेंबर १८९६ रोजी व्हिएगस यांनी पालिकेच्या स्थायी समितीपुढे हा गाठीचा प्लेग असल्याचे सांगितले. हे सांगणे सोपे नव्हते. प्लेगचे नाव निघाले की बंदर नाक्यावर बसणार, परदेशी बंदरे मुंबईची जहाजे अडवणार, व्यापार कोलमडणार. आणि तो व्यापार त्यांच्याच मांडवीचा. अंदाज चुकला असता तर शहर बुडवणारा डॉक्टर म्हणून कायमचा शिक्का बसला असता. अधिकारी शब्द तोलून मापून वापरीत होते, संशय आहे यापलीकडे जायला तयार नव्हते. मग निरनिराळ्या तज्ज्ञांकडून खात्री करून घेण्यात आली. गाठीतला द्रव रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की प्लेगचा जंतू दोन्ही टोकांना गडद आणि मध्ये फिकट दिसतो, सेफ्टीपिनसारखा. तो सापडला. हडफड्याच्या डॉक्टराचे म्हणणे खरे ठरले.

खरे ठरल्याने लोक वाचले असे मात्र लगेच झाले नाही. औषध नव्हते. ऑक्टोबरात रोग्यांना सक्तीने हलवण्याचे हुकूम निघाले. बाई-माणूस, जातपात काही न पाहता माणसे आर्थर रोडच्या इस्पितळात नेली जाऊ लागली आणि तिथे गेलेला परत येत नाही अशी अफवा पसरली. २९ ऑक्टोबरला गिरणी कामगारांच्या जमावाने त्या इस्पितळावर हल्ला केला. हिवाळ्यात निम्मे शहर गाव सोडून पळाले. १० मार्च १८९७ रोजी पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. त्याच पुण्यात रँडच्या सोल्जरांनी घरे धुंडाळली आणि २२ जूनला चापेकर बंधूंनी त्याचा जाब घेतला. आम्हाला प्रामाणिकपणे वाटते, यातला जुलूम रोग ओळखण्यातून आला नाही. तो राबवणाऱ्यांच्या रीतीतून आला. तरीही नाव उच्चारणाऱ्याला त्याचा ताप झाला असेलच.

व्हिएगस मात्र नाव देऊन थांबले नाहीत. वस्त्या साफ करा, उंदीर मारा, यासाठी त्यांनी तगादा लावला. उंदरावरची पिसू रोग पसरवते हे सिमोंने दाखवले ते पुढे १८९८ साली. हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातच लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. लोक सुईला भीत होते. अशा वेळी व्हिएगस यांनी स्वतःच्या हाताने सुमारे १८ हजार माणसांना लस टोचली असे सांगतात. परक्या साहेबाऐवजी गल्लीतला ओळखीचा डॉक्टर समोर असला की दंड पुढे करायला माणूस कमी कचरतो, हे आम्ही लसीकरणाच्या टेबलावर बसून पाहिले आहे.

१९०६ साली ते पालिकेचे अध्यक्ष झाले. १९३३ साली वारले. धोबीतलावला मेट्रो सिनेमाजवळ त्यांचा पुतळा उभारला गेला आणि काळबादेवीच्या कॅव्हेलमधल्या एका रस्त्याला त्यांचे नाव आहे. आपल्यापैकी बहुतेकांचे कोणी ना कोणी गिरगावात आहेच. तिथून ही दोन्ही ठिकाणे चालत जाण्याइतकी जवळ आहेत.