धान्यकोठीवाले भाई



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ३, श्लोक २० ते २६.

आजच्या श्लोकांत भगवंत अर्जुनाला जनक राजाचं उदाहरण देतात. जनक ज्ञानी होता, स्वतःसाठी मिळवायचं असं त्याचं काही उरलं नव्हतं, तरी तो राज्याचं काम करत राहिला. कशासाठी? लोकसंग्रहासाठी. म्हणजे लोक विखरू नयेत, एकमेकांना धरून राहावेत म्हणून. मग भगवंत स्वतःकडे बोट दाखवतात. त्यांनाही तिन्ही लोकांत काही मिळवायचं राहिलेलं नाही, तरी ते काम सोडून बसलेले नाहीत. माउली ज्ञानेश्वरीत याच भागात एक साधी उपमा देतात. डोळस माणूस आंधळ्यासोबत वाट चालतो तेव्हा तो पुढे असतो, पण चाल मात्र आंधळ्याची असते. मला ही उपमा गीतेवरच्या कितीतरी जाड पुस्तकांपेक्षा जास्त उपयोगी पडली आहे.

आपल्यातल्या खूप जणांना एकच प्रश्न छळतो. नोकरी आहे, पगार आहे, नामस्मरण पण चालू आहे, पण आयुष्य नेमकं कशासाठी ते कळत नाही. म्हणून आज निरूपण थोडक्यात आटोपून एका माणसाचं आयुष्य सांगतो. तीस वर्षं आणि एक महिना एवढंच ते आयुष्य होतं.

आधी जागा समजून घेऊ. कल्याणला मध्य रेल्वेला दोन फाटे फुटतात. एक कर्जतकडे जातो, एक कसाऱ्याकडे. कसारा लोकलनं टिटवाळा, आसनगाव करत गेलात की शहापूर तालुका लागतो आणि शेवटी थळ घाटाच्या पायथ्याशी कसारा. कर्जत लोकलनं गेलात तर नेरळ, आणि नेरळवरून माथेरान. या दोन फाट्यांच्या मधे जो मुलूख उरतो, जिथे अजून रेल्वे नाही, तो मुरबाड तालुका. रविवारी ट्रेकला जाणाऱ्यांना त्यातला सिद्धगड माहीत असेल, भीमाशंकरच्या रानाला लागून. आपली आजची गोष्ट माथेरानला सुरू होते आणि सिद्धगडच्या रानात थांबते.

दादरला प्लाझा सिनेमासमोर वीर कोतवाल उद्यान आहे. तिथे आपण भेटतो, वडापाव खातो, गाडीची वाट बघतो. ते कोतवाल म्हणजेच हे, विठ्ठल लक्ष्मण कोतवाल. लोक त्यांना भाई म्हणत.

जन्म १ डिसेंबर १९१२, माथेरानला. घर न्हाव्याचं आणि गरीब. माथेरान तेव्हा साहेबांचं. उन्हाळा आला की मुंबईचे गोरे अधिकारी आणि श्रीमंत लोक छोट्या गाडीनं वर येत, ती गाडी १९०७ साली सुरू झाली होती. त्यांचं सामान उचलायला, घोडे धरायला, दाढ्या करायला डोंगरावरची आणि पायथ्याची माणसं. अशा गावात वाढणाऱ्या मुलाला नोकर म्हणजे काय आणि मालक म्हणजे काय हे शाळेत शिकवावं लागत नाही.

वारकरी घरातल्या मंडळींना इथे सेना महाराज आठवतील. तेही न्हावी. सेना महाराज भजनात रंगलेले असताना राजाचं बोलावणं आलं आणि पांडुरंगच त्यांची धोकटी खांद्याला लावून राजाच्या हजामतीला गेला, ही कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. आपण ती भक्ताची थोरवी म्हणून ऐकतो. मला त्यात देवाची थोरवी दिसते. ज्याच्या पायाशी जग आहे तो दुसऱ्याची धोकटी उचलतो, वस्तऱ्याला धार लावतो, आणि त्यात त्याला काही कमीपणा वाटत नाही. न्हाव्याच्या घरी जन्मलेल्या या मुलाचं नावही विठ्ठलच होतं. योगायोग असेल, पण मला तो आवडतो.

विठ्ठल हुशार निघाला. शिकला, थेट वकिलीची पदवी घेतली. त्या काळी डोंगरावरच्या गरीब घरातला मुलगा वकील होतो याचा अर्थ काय, ते आपल्यापैकी ज्यांच्या घरात पहिली पदवी आपणच आणली त्यांना बरोबर कळेल. घरच्यांच्या किती आशा त्या कागदावर असतात! काळा कोट घालून चार पैसे कमवायचे, गावाकडे कधीतरी सणावाराला जायचं, असा सरळ रस्ता पुढ्यात होता. कोणी नावं ठेवली नसती.

भाई परत फिरले ते माथेरानला आणि डोंगराच्या पायथ्याला. तिथे काय चाललं होतं ते जरा सविस्तर सांगायला हवं, नाहीतर त्यांच्या कामाची किंमत कळत नाही.

हा सगळा भाताचा मुलूख. कर्जत, मुरबाड, शहापूर, कसारा, सगळीकडे तेच. पाऊस धो धो पडतो, पण पीक एकच. दिवाळीच्या आसपास भात घरात येतं, त्यातलं खंड म्हणून जमीनमालकाला जातं, जुन्या कर्जात जातं, आणि उरलेलं उन्हाळ्यापर्यंत कसंबसं पुरतं. खरी भूक पावसाळ्यात. आवणीचे दिवस, गुडघाभर चिखलात दिवसभर वाकायचं, आणि कणगी रिकामी. मग सावकाराच्या दारात जाऊन खावटी उचलायची. खावटी म्हणजे खाण्यापुरतं उसनं धान्य. आज एक मण घेतलं की पीक आल्यावर दीड मण फेडायचं, कुठे कुठे त्याहून जास्त. म्हणजे पुढच्या वर्षीची कणगी आणखी लवकर रिकामी. पुढच्या पावसात आणखी मोठी खावटी. बाप गेला की कर्ज मुलाच्या नावावर. कातकरी, ठाकूर, कुणबी, सगळे या चक्रात. यात कोणी आळशी नव्हतं, कोणी उधळं नव्हतं. भूक जुलैत लागते आणि भात नोव्हेंबरात येतं, मधल्या चार महिन्यांवर सावकाराचं घर चालायचं.

भाईंनी यावर काय केलं? धान्यकोठ्या काढल्या. कल्पना अगदी घरगुती. हंगामात सगळ्यांनी थोडं थोडं धान्य एका जागी साठवायचं, आणि अडचणीच्या दिवसांत ज्याला लागेल त्यानं तिथून न्यायचं. सावकाराच्या दारात जायची गरजच कमी करून टाकायची.

इथे जरा थांबतो. आपण सेवा म्हणून काय करतो? थंडीत कसारा लोकल पकडतो, एखाद्या पाड्यावर ब्लँकेट, वह्या वाटतो, फोटो काढतो, संध्याकाळच्या गाडीनं परत. ते वाईट नाही, करत राहावं. पण वाटणाऱ्याचा हात वर आणि घेणाऱ्याचा खाली, हे त्यात बदलत नाही. धान्यकोठीत ज्याचं धान्य असतं तोच ते नेतो. तो उपकाराखाली येत नाही. भाईंनी कोणाला दान दिलं नाही, लोकांना एकमेकांवर भरवसा ठेवायला शिकवलं. त्यासाठी किती घरी किती वेळा जावं लागलं असेल, शेजाऱ्यावर विश्वास ठेवायला तयार नसलेल्या किती जणांची समजूत काढावी लागली असेल, याचा विचार करा. माउलींची ती चाल हीच. लोक जेवढ्या वेगानं येतील तेवढ्याच वेगानं जायचं. वकील झालेल्या तरुणाला ते किती जड गेलं असेल!

धान्याच्या पाठोपाठ शाळा. कर्जाचा कागद वाचता येत नाही म्हणून अंगठा उठवला जातो, तेव्हा अक्षर आलंच पाहिजे. स्वयंसेवी शाळा गावोगाव सुरू झाल्या, शिकवणारे स्थानिक तरुण. १९४१ मध्ये भाई माथेरानच्या नगरपालिकेवर निवडून आले आणि उपाध्यक्ष झाले. साहेबांच्या गावात न्हाव्याचा मुलगा उपाध्यक्ष.

आता यात ध्येय कुठे सापडलं ते बघा. मला तरी असं दिसतं की ते त्यांना एकदम सापडलंच नाही. आधी रिकामी कणगी दिसली, तिच्यामुळे कर्जाचा कागद, कागदामुळे शाळा, आणि शाळेमुळे हे सगळं कोणाच्या राज्यात चाललंय हा प्रश्न. एकेक पायरी समोरच्या माणसाच्या अडचणीनं दाखवली. खोलीत बसून स्वतःच्या आत शोधत बसले असते तर कदाचित चांगले वकील झाले असते, एवढंच.

ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईच्या गवालिया टँकवर चले जावचा ठराव झाला आणि पुढाऱ्यांची धरपकड सुरू झाली. भाई भूमिगत झाले. सोबत जमले ते आझाद दस्ता म्हणून ओळखले जातात, साधारण पन्नास जण. कोण होते हे? शेतकरी, आणि त्या शाळांतले शिक्षक. ज्यांनी धान्य साठवलं होतं, ज्यांनी पाटीवर अक्षरं गिरवून घेतली होती, तेच. त्यांना भाषण देऊन गोळा करावं लागलं नाही.

दस्त्यानं लक्ष्य केलं विजेच्या मनोऱ्यांना. घाटात पावसाचं पाणी अडवून भिवपुरी वगैरे ठिकाणी वीज तयार व्हायची आणि उंच मनोऱ्यांवरून मुंबईच्या गिरण्यांना, कारखान्यांना जायची. ज्या गावांच्या शेतावरून या तारा जात त्या गावांत संध्याकाळी रॉकेलची चिमणी. (आजही बघा, मुंबई पिते ते पाणी बरंचसं शहापूर तालुक्यातल्या तानसा-भातसाचं, आणि त्याच शहापुरात, कसाऱ्याच्या आसपासच्या पाड्यांवर, एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघावी लागते.) सप्टेंबर ते नोव्हेंबर १९४२ या तीन महिन्यांत दस्त्यानं अकरा मनोरे पाडले. युद्ध चालू असताना मुंबईची वीज तुटणं सरकारला परवडणारं नव्हतं. भाईंना पकडून देणाऱ्याला बक्षीस जाहीर झालं.

मनोरे पाडणं ही सेवा कशी, असं कोणी विचारेल. रास्त प्रश्न आहे. मी त्याचं सोपं उत्तर देणार नाही. एवढं नक्की की रोख तारांवर आणि लोखंडावर होता, माणसांवर नव्हता. आणि हेही विसरू नये की आपण रोज जी गीता वाचतो ती देवघरात सांगितलेली नाही, रणांगणावर सांगितलेली आहे.

त्याहून कठीण प्रश्न दुसरा आहे. पुढारी स्वतःचा जीव धोक्यात घालतो ते ठीक, पण मागून येणाऱ्यांचं काय? त्यांच्या घरांचं काय? दस्त्यात हिराजी पाटील होते, नेरळजवळच्या मानिवलीचे, गोमाजी पाटलांचा मुलगा. शेतकरी घर. भाईंवर विश्वास ठेवून आलेली अशी माणसं त्या थंडीत सिद्धगडच्या रानात होती. भाकरीचा ठिकाणा नाही, दोन रात्री एका जागी नाही. या प्रश्नाला भाईंनी उत्तर दिलंय ते एकाच प्रकारे. ते त्यांच्यासोबत तिथेच होते. माणसं रानात पाठवून स्वतः शहरातल्या सुरक्षित खोलीत बसून चिठ्ठ्या धाडत बसले नाहीत. मला नाही वाटत याहून दुसरं कुठलं उत्तर चाललं असतं.

पोलिसांना सुगावा लागला. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडच्या जंगलात पोलिस अधिकारी हॉल आणि त्याच्या शिपायांनी दस्त्याला घेरलं. गोळीबारात हिराजी पाटील पडले. भाई जखमी झाले, आणि हॉलनं त्यांना गोळी घातली. वकील आणि शेतकरी, एकाच सकाळी, एकाच रानात.

स्वातंत्र्य यायला अजून साडेचार वर्षं होती. त्या वर्षीही पावसाळा आला असणार, आवण्या झाल्या असणार, आणि कितीतरी घरांतून कोणीतरी पुन्हा सावकाराच्या ओट्यावर जाऊन बसलं असणार. धान्यकोठीवाला गेला की सावकाराला बरंच सोपं होतं. हे लिहिताना हात थोडा थांबतो, पण आजच्या श्लोकांत यश मिळेल असं वचन कुठेच नाही. असक्त राहून काम करावं, एवढंच आहे.

२०२० मध्ये भाईंवर मराठी सिनेमा आला होता, काहींनी पाहिला असेल. सिद्धगडच्या पायथ्याच्या रानात हुतात्म्यांचं स्मारक आहे आणि दर २ जानेवारीला आसपासच्या तालुक्यांतून लोक तिथे जमतात. ट्रेकला गेलात तर पाणी घरून न्या आणि मुरबाडच्या बाजूनं चढा, म्हणजे स्मारक वाटेत लागेल. दोन्ही नावं वाचा, एकच नको.

उद्याचं वाचन : अध्याय ३, श्लोक २७ ते ३०. तिथे "मी केलं" असं म्हणणाऱ्याची भगवंत जरा चौकशी करणार आहेत.

जय हरी.