मुक्या पडद्याची राणी

माझं मराठी तुम्हाला माहीतच आहे! फर्स्ट इयरला गॅदरिंगमध्ये स्टेजवर मी 'माझी पुस्तक' म्हणाले आणि अख्खा हॉल हसला. कॉन्व्हेंटची कृपा! पुढच्या एकांकिकेत मला रोल मिळाला, पण एकही वाक्य नसलेला.

दिवाळीत घरी काशीदला गेले, तेव्हा आजीपुढे रडगाणं गायलं. आजी म्हणाली, सुलोचनाला तर राणी व्हायला एकही वाक्य लागलं नव्हतं. मला वाटलं सुलोचनादीदी. पण ही त्यांच्याही आधीची, मूकपटातली.

तिचं खरं नाव रुबी मायर्स. जन्म १९०७, पुणे. घराणं ज्यू. आमच्या अलिबागला इस्रायल आळी आहे, म्हणून मला ती आमच्याकडचीच वाटली. पण इथले बेने इस्रायल पिढ्यान्‌पिढ्या घरात मराठी बोलणारे, आणि रुबीचं घराणं बगदादी ज्यूंचं.

रुबी टेलिफोन ऑपरेटर होती. त्या काळी घरंदाज बाईने सिनेमात जाणं कमीपणाचं मानत. १९१३ साली फाळक्यांना 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामती मिळेना, शेवटी अण्णा साळुंके या पुरुषाने ती केली. त्याच वर्षी दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला 'मोहिनी भस्मासुर'मध्ये आल्या, पण अशा मोजक्याच. पुढे ही जागा बऱ्याच अंशी ज्यू आणि अँग्लो-इंडियन मुलींनी भरली. मात्र पडद्यावर रुबीची सुलोचना झाली, रेने स्मिथची सीतादेवी. चेहरा चालला, नाव नाही चाललं!

सुलोचना 'टायपिस्ट गर्ल'मध्ये (१९२६) टायपिस्ट झाली. १९२७ च्या 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे'मध्ये तर तिने एकटीने आठ भूमिका केल्या. १९२८ मध्ये ती अनारकली झाली. तिचा पगार मुंबईच्या गव्हर्नरपेक्षा जास्त आहे, असं लोक बोलत.

मग १९३१ साली 'आलम आरा' आला आणि पडदा बोलू लागला. सिनेमा तिच्याच इंपीरियल कंपनीचा, पण नायिका झुबेदा. सुलोचनाचं हिंदुस्तानी कच्चं होतं. ज्या भाषेची आजवर गरजच पडली नव्हती, तीच आता आडवी आली.

हे ऐकताना मला माझा हॉल आठवला.

पण ती घरी बसून राहिली नाही. सुमारे वर्षभर काम थांबवून ती भाषा शिकली आणि १९३२ मध्ये 'माधुरी' या बोलपटातून परत आली. १९३५ मध्ये पुन्हा अनारकली झाली, या वेळी बोलणारी! १९५३ च्या 'अनारकली'त मात्र ती सलीमची आई होती. उतारवयात छोट्या भूमिका करत राहिली. १९७३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार तिला मिळाला आणि १९८३ मध्ये ती गेली.

या वर्षी एकांकिकेत मला चार वाक्यं आहेत, मागून घेतलेली. आजी रोज रात्री फोनवर ती म्हणून घेते. हसू आलं तर खुशाल हसा, पण पुढच्या रांगेत बसा!