मुंडांच्या जमिनीचे राखणदार : फादर जॉन हॉफमन

झारखंडमधील आदिवासींच्या जमिनीचा विषय निघाला की १९०८ सालच्या छोटानागपूर कूळकायद्याचे नाव हमखास घेतले जाते. या कायद्यामागे एका जर्मन धर्मगुरूचे अनेक वर्षांचे कष्ट आहेत, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. ते धर्मगुरू म्हणजे येशूसंघाचे फादर जॉन बाप्टिस्ट हॉफमन.

फादर हॉफमन यांचा जन्म १८५७ साली जर्मनीत झाला. तरुणपणीच त्यांनी येशूसंघात प्रवेश केला आणि बंगालच्या मिशनसाठी ते भारतात आले. १८९० च्या दशकात त्यांची नेमणूक रांचीच्या दक्षिणेला मुंडा आदिवासींच्या मुलखात झाली. सारवाडा हे गाव त्यांच्या कार्याचे केंद्र बनले. त्यांच्या आधी, १८८५ साली, बेल्जियमचे फादर कॉन्स्टंट लीव्हन्स या भागात आले होते. जमिनीच्या खटल्यांत आदिवासींची बाजू घेऊन त्यांनी लोकांचा विश्वास मिळवला होता. १८९३ साली फादर लीव्हन्स यांचे निधन झाले. लोक मिशनकडे प्रार्थनेसाठी येत, तसेच जमीन वाचवण्यासाठीही येत, हे फादर हॉफमन यांनी लवकरच ओळखले.

मुंडांची जमीन त्यांना कोणी बक्षीस दिलेली नव्हती. एका वंशाची माणसे घनदाट जंगलात शिरत, झाडे तोडून जागा मोकळी करीत, उतारावर बांध घालून भातखाचरे तयार करीत. ज्या वंशाने जंगल तोडून गाव वसवले, त्या वंशाची ती जमीन. या पद्धतीला खुंटकट्टी म्हणतात. गावाच्या प्रमुखाला मुंडा म्हणत आणि अनेक गावे मिळून होणाऱ्या पट्टीच्या प्रमुखाला मानकी. पण हे प्रमुख जमिनीचे मालक नव्हते. जमीन साऱ्या वंशाची होती. मूळ जंगलाचा एक तुकडा मुद्दाम न तोडता राखला जाई. तो त्यांचा सरना, म्हणजे पवित्र देवराई. पूर्वजांच्या अस्थींवर मोठ्या शिळा ठेवल्या जात. त्यांना ससनदिरी म्हणतात. आपल्याकडे जो मान सातबाऱ्याला, तो मुंडांच्या लेखी या शिळांना होता. जिथे आपल्या पूर्वजांच्या शिळा, तिथे आपली जमीन, असा त्यांचा साधा हिशेब होता.

पण कचेरीत शिळांना कोण विचारतो? छोटानागपूरच्या राजाने आपल्या मर्जीतील बाहेरच्या लोकांना गावेच्या गावे इनाम दिली होती. हे जमीनदार आणि ठेकेदार खंड वाढवू लागले, वेठीने राबवून घेऊ लागले. शेतकऱ्याने खंड भरला तर पावती मिळत नसे आणि पावती नाही म्हणून जमीन जाई. सावकाराचे कर्ज घेतले तर व्याजात शेत जाई. दाद मागायला रांचीच्या कोर्टात जावे, तर तिथली भाषा कळत नसे. बाहेरून येऊन लुबाडणाऱ्या या माणसांना आदिवासी दिकू म्हणत. १८३१-३२ साली याच अन्यायातून मोठा उठाव झाला होता. १८६९ साली सरकारने एक कायदा करून काही जमिनींची नोंद केली, पण खुंटकट्टीचे दुखणे तसेच राहिले.

अशा वेळी बिरसा मुंडा या तरुणाच्या मागे हजारो लोक उभे राहिले. त्यांच्या चळवळीचा रोख जमीनदारांवर, सरकारवर आणि मिशनऱ्यांवरही होता. १८९९ च्या नाताळच्या आदल्या दिवशी, २४ डिसेंबरला, ठिकठिकाणी हल्ले झाले. सारवाडाच्या मिशनवरही बाण सोडले गेले. फादर हॉफमन त्यातून बचावले. पुढच्याच महिन्यात सरकारी फौजेने उठाव चिरडला आणि ९ जून १९०० रोजी रांचीच्या तुरुंगात बिरसांचा मृत्यू झाला.

फादर हॉफमन यांचा सशस्त्र उठावाला विरोध होता आणि त्यांचा भरवसा सरकारवर होता, ही गोष्ट लपवण्याचे कारण नाही. आदिवासींच्या इतिहासात आज बिरसांचे जे स्थान आहे, ते पाहता या विरोधावर टीका होणे साहजिक आहे. पण ज्यांच्या हातून बाण सुटले होते, त्यांच्यावर राग धरून फादर बसले नाहीत. बाण कशामुळे सुटला हे त्यांना ठाऊक होते. जमीन जात राहिली तर शांती येणार नाही, हे ते अधिकाऱ्यांना पटवून देत राहिले.

त्यासाठी त्यांनी निवडलेला मार्ग अभ्यासाचा होता. ते मुंडारी भाषा इतकी उत्तम शिकले की १९०३ साली त्यांचे मुंडारी व्याकरण प्रसिद्ध झाले. वंश, वाटे, सीमा, खंड, पूर्वजांच्या शिळा यांविषयीचे रिवाज त्यांनी वृद्ध माणसांकडून समजून घेतले. १९०२ पासून रांची जिल्ह्यात जमिनीची नव्याने मोजणी सुरू झाली होती. फादर हॉफमन यांनी लिस्टर या अधिकाऱ्याबरोबर मुंडांच्या जमीनपद्धतीवर सविस्तर टिपण तयार केले. आजवर तोंडी असलेला हक्क आता सरकारदरबारी समजेल अशा शब्दांत मांडला गेला. १९०८ च्या कायद्याने खुंटकट्टी हक्काला मान्यता दिली, जमिनीच्या विक्रीवर आणि गहाणावर बंधने घातली.

इथे एखाद्याने काम संपले असे मानले असते. फादरांनी तसे मानले नाही. कायद्याने जमीन विकायला बंदी केली, तरी घरात दाणा नसलेला शेतकरी पुन्हा सावकाराच्याच दारात जाणार. म्हणून १९०९ साली त्यांनी कॅथोलिक सहकारी पतसंस्था सुरू केली. जर्मनीच्या खेड्यांत अशा पतसंस्था कित्येक दशके चालत होत्या. गरिबांनी थोडे थोडे पैसे साठवावेत आणि अडीनडीला आपल्याच माणसांकडून रास्त व्याजाने कर्ज घ्यावे, ही त्यामागची साधी कल्पना. १९१३ साली सहकारी भांडारही निघाले.

पुढे पहिले महायुद्ध पेटले. फादर हॉफमन जर्मन, म्हणून ब्रिटिश सरकारच्या लेखी शत्रूचे नागरिक ठरले. ज्या सरकारवर त्यांनी विश्वास टाकला होता, त्यानेच त्यांना १९१५ साली भारतातून घालवून दिले. मुंडांचा मुलूख त्यांना पुन्हा दिसला नाही. मायदेशी बसून ते मुंडारी भाषेचा आणि जीवनाचा विश्वकोश लिहीत राहिले. १९२८ साली ट्रियर येथे त्यांचे निधन झाले. १९३० पासून त्या विश्वकोशाचे खंड पाटण्यात छापले जाऊ लागले. शेत, पेरणी, सण, देवराई, शिळा असे सारे मुंडा जीवन त्यात साठवलेले आहे.

त्या कायद्याने सारे प्रश्न सुटले नाहीत. पळवाटा काढून जमिनी घेतल्या गेल्या. कारखाने, खाणी आणि धरणे यांच्यासाठी झालेले भूसंपादनही त्याने थांबले नाही. तरीही आदिवासींनी हा कायदा आपली ढाल मानला. २०१६ साली झारखंड सरकारने त्यात बदल करणारे विधेयक आणले, तेव्हा लोक मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरले. तत्कालीन राज्यपाल द्रौपदी मुर्मू यांनी २०१७ साली ते विधेयक परत पाठवले आणि सरकारला ते मागे घ्यावे लागले.

बायबलमधील नाबोथाची गोष्ट आपण ऐकलेली आहे. राजाने चांगली किंमत देऊ केली, तरी त्याने वाडवडिलांचा मळा विकला नाही आणि त्यासाठी प्राण गमावला. नाबोथ एकटा पडला होता. त्याच्या बाजूने कचेरीत बोलणारा, कागद वाचून दाखवणारा कोणी नव्हता. फादर हॉफमन यांनी आपले आयुष्य नाबोथांच्या बाजूने उभे राहण्यात घालवले.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी वाडवडिलांनी घाम गाळून राखलेला जमिनीचा तुकडा असेल. तिचे कागद नीट आहेत का? त्यावर कर्जाचा बोजा आहे का? तिची हद्द आपल्या मुलांना ठाऊक आहे का? आणि शेजारचा एखादा अडाणी, कर्जबाजारी भाऊ आपली जमीन गमावत असेल, तर त्याच्याबरोबर तलाठ्याच्या कचेरीपर्यंत जायला आपल्याला सवड आहे का? या आठवड्यात घरातील सर्वांनी मिळून या प्रश्नांचा विचार करावा.