हुबळीच्या रस्त्यावरचा ‘वेडा’

गोव्याहून रेल्वेने हुबळीला उतरणाऱ्या प्रवाशाला स्थानकाच्या फलकावर एका संन्याशाचे नाव दिसते. २०२० मध्ये या स्थानकाला श्री सिद्धारूढ स्वामीजींचे नाव देण्यात आले. २०२३ मध्ये येथील १५०७ मीटरच्या, जगातील सर्वांत लांब फलाटाचे उद्घाटन झाले. मात्र ज्यांच्या नावाचा हा गौरव, त्यांना याच शहराने एकेकाळी वेडा ठरवले होते.

सिद्धारूढांचा जन्म १८३६ मध्ये बीदर परिसरातील चळकापूर येथे झाला. बालवयातच घर सोडून त्यांनी गजदंड स्वामींकडे अध्ययन केले आणि पुढे अनेक वर्षे देशभर भ्रमंती केली. चाळिशी ओलांडल्यावर ते हुबळीत आले. तो काळ व्हिक्टोरिया राणीच्या राजवटीचा होता. धारवाड जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता आणि १८७६ ते ७८च्या भीषण दुष्काळाने होरपळला होता. अन्नाच्या शोधात निघालेल्या माणसांच्या त्या दिवसांत आणखी एका फाटक्या फिरस्त्याचे कौतुक कोणाला असणार?

जुन्या हुबळीत ते मिळेल ते खात आणि जागा मिळेल तेथे पडून राहत. देहाची शुद्ध त्यांना नसे. पोरांनी त्यांना खेळणे केले. ती त्यांना ओढत, छळत. चरित्रकार सांगतात की, स्वामींनी त्याबद्दल कधी राग धरला नाही. हा अबोल मनुष्य वेदान्तातील अवघड प्रश्न सहज उलगडतो, हे शास्त्रचर्चेत बसणाऱ्यांच्या ध्यानी आले, तेव्हा गावाची नजर बदलू लागली. पुढे त्यांच्याभोवती मठ उभा राहिला. तेथे ‘ॐ नमः शिवाय’ हा मंत्र जात न विचारता दिला जाई. सनातनी मंडळींचा रोष त्यामुळेच त्यांना सोसावा लागला.

१८८०च्या दशकात रेल्वे आली, कारखाना उभारला गेला आणि हुबळीचे रूप पालटले. २१ ऑगस्ट १९२९ रोजी स्वामींनी देह ठेवला, तेव्हा मठाची कीर्ती कर्नाटक आणि महाराष्ट्रात पसरली होती.

आज तारिहाळसारख्या भोवतालच्या गावांत औद्योगिक वसाहती आहेत. तरीही श्रावणात मठाच्या तलावात जलरथ निघतो, तेव्हा काठावर पाय ठेवायला जागा उरत नाही. ज्याला दारात उभे करायलाही लोक कचरत होते, त्याच्या दारी आता सारे शहर उभे असते.