बाबूराव पेंटर आणि आपले डोळे

आपल्या कळंब्याहून कोल्हापूर किती जवळ! तिथेच ३ जून १८९० रोजी बाबूराव मेस्त्री जन्मले. घरात सुतारकाम, कोरीवकाम, चित्रकला. भाऊ आनंदरावांबरोबर ते नाटकांचे पडदे रंगवू लागले आणि 'पेंटर' हेच आडनाव पडलं.

फाळक्यांचे चित्रपट पाहिल्यावर दोघांनी ठरवलं, कॅमेरा आपणच बनवायचा.

आता मुलांना हे जरूर सांगा: सिनेमाच्या पडद्यावर खरं तर काहीच हलत नसतं. स्थिर चित्रं भराभर येतात, मूकपटात सेकंदाला साधारण १६. ती जोडून हालचाल 'दाखवतो' तो आपला मेंदू. (वहीच्या कोपऱ्यावर चेंडू काढून पानं फडफडवली की पोरांना लगेच पटतं.) मात्र फिल्म सरकत असतानाच फोटो निघाला तर सगळं पुसट येतं. म्हणून ती थांबली पाहिजे, झडप उघडून मिटली पाहिजे, मगच पुढे सरकली पाहिजे. तेही सेकंदाला १६ वेळा! हे यंत्र हाताने घडवायचं होतं.

ते पुरं व्हायच्या आत, १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी काम सोडलं नाही. विष्णुपंत दामल्यांच्या साथीने १९१८ मध्ये कॅमेरा तयार झाला. त्याच कॅमेऱ्यावरचा 'सैरंध्री' १९२० मध्ये लागला. त्यातला कीचकवध लोकांना इतका खरा वाटला की तो प्रसंग कापावा लागला!

उतारवयातही चित्रं, पुतळे चालूच होते. १६ जानेवारी १९५४ रोजी बाबूराव गेले.